आठ अंशांच्या रात्री दव कसे गोठते आणि परसबाग कशी सांभाळावी

महाबळेश्वरच्या परिसरातील मेटगुताडजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी सरली असे समजून त्यांनी घराच्या खालच्या अंगाला टोमॅटो आणि घेवड्याची रोपे लावली. चारच दिवसांनी एका सकाळी स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव पांढरे गोठलेले दिसले, तुळस काळी पडली आणि टोमॅटोची रोपे गरम पाणी ओतल्यासारखी लुळी झाली. आदल्या संध्याकाळी गारठा जाणवल्यामुळे त्यांनी रोपांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता आणि पपईच्या खोडाला गोधडी गुंडाळली होती, तरीही नुकसान टळले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात महाबळेश्वरचे किमान तापमान ८ अंश सेल्सिअस छापून आले. आठ अंशांवर दव गोठेल कसे, झाकलेली झाडे का गेली आणि आता जे काळे पडले आहे त्याचे काय करावे, असे त्यांचे विचारणे आहे.

पाचगणीच्या उतारावर रोपे वाढवण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि हा अनुभव मी स्वतः अनेकदा घेतला आहे. ताई, आपण काळजी घेण्यात कमी पडला नाहीत, परंतु माणसाला जपावे तसे आपण झाडाला जपलेत आणि चूक तेथेच झाली. माणूस गोधडी पांघरतो तेव्हा गोधडी त्याला ऊब देत नसते. त्याच्या शरीरात तयार होणारी ऊब ती धरून ठेवते. झाडाला अशी स्वतःची ऊब नसते. परसबागेत रात्री उष्णता असते ती जमिनीत, दिवसभर उन्हात तापून साठलेली. ती जमिनीतून वर येते आणि उघड्या आकाशाकडे निघून जाते. त्यामुळे ही उष्णता भरपूर साठवणे आणि रात्री झाडाच्या भोवती अडवून ठेवणे, हेच आपले काम असते. पुढे जे सांगतो आहे ते सगळे यातूनच निघते.

आधी आठ अंशांचे कोडे सोडवू. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. त्याच्यावर छप्पर असते आणि तो हवेचे तापमान सांगतो. आपली स्ट्रॉबेरी मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर, उघड्या आकाशाखाली असते. ढग नसलेल्या आणि वारा पडलेल्या रात्री पान आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहते, त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. अशा रात्री पेटीतील तापमान आणि गवताच्या पात्यावरचे तापमान यांत चार-पाच अंशांचा, कधी त्याहूनही अधिक फरक पडतो. त्यात खोलगट जागेची भर पडली की महाबळेश्वरच्या बाजारपेठेत आठ अंश असताना वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला पान शून्यावर येते. दरवर्षी हिमकणांची बातमी याच परिसरातून का येते आणि त्याच पहाटे गावात काहीच का दिसत नाही, याचे कारण हेच आहे.

याची खात्री घरच्या घरी करून घेता येते. थंडीच्या दिवसांत एखादी गाडी रात्री उघड्यावर उभी करा आणि दुसरी सिल्व्हर ओकच्या दाट फांद्यांखाली. सकाळी पहिलीच्या टपावरून बोट फिरवले तर पाण्याची धार लागते, कधी बर्फाचा खरखरीत पापुद्रा हाताला लागतो. दुसरीचा टप बहुधा कोरडा असतो. हवा दोन्हीकडे तीच होती. फरक इतकाच की एका टपावर आकाश उघडे होते आणि दुसऱ्यावर पानांचे छत होते, जे आकाशापेक्षा कितीतरी उबदार असते. आपल्या अंगणातही एखाद्या झाडाच्या छायेतली कुंडी वाचलेली असेल, पाहून घ्या.

दुसरी गोष्ट उताराची आहे. थंड हवा जड असते आणि ती पाण्यासारखी सखल भागाकडे ओघळत जाते. आपण रोपे लावली ती घराच्या खालच्या अंगाला. त्याच्याही खाली कुंपणाची भिंत किंवा दाट मेंदीचे कुंपण असेल, तर वरून उतरलेली थंड हवा तेथे बंधारा घातल्यासारखी तुंबते आणि रोपे रात्रभर त्या डोहात उभी राहतात. भिंत पाडण्याची गरज नाही. खालच्या बाजूचे फाटक अशा रात्री उघडे ठेवावे, कुंपणाच्या तळाशी हातभर फट मोकळी करावी आणि वरच्या बाजूला आडवी ताटी किंवा कुंपण असेल तर ते तसेच राहू द्यावे, म्हणजे वरून येणारा ओघळ थोडा बाजूला वळतो. नाजूक रोपांसाठी पुढच्या वर्षापासून घराच्या वरच्या अंगाची किंवा पश्चिमेकडील भिंतीलगतची जागा निवडावी. दुपारचे ऊन खाल्लेली दगडी किंवा जांभ्याची भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब देत राहते. भिंतीपासून दोन हातांच्या आत असलेली मिरची आणि वाफ्याच्या मध्यावरची मिरची यांत सकाळी जो फरक दिसतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही.

आता झाकण्याविषयी, कारण बहुतेकांचे नुकसान झाकूनही होते. पपईच्या खोडाला गोधडी गुंडाळली की खोडात मुळातच नसलेली ऊब ती धरून ठेवू शकत नाही आणि वरचा कोवळा शेंडा उघडाच राहतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे शेंड्यावर कापड टाकून ते खाली खोडाशी घट्ट बांधणे. दिसायला ते बंदोबस्ताचे दिसते, परंतु जमिनीतून वर येणाऱ्या उबेची वाट आपण स्वतःच बंद केलेली असते. माझ्याकडे एका वर्षी शेजारी शेजारी दोन पपया होत्या, दोन्ही कमरेएवढ्या. एकीच्या शेंड्याला मी गोणपाट गुंडाळून सुतळीने खोडाशी आवळले. दुसरीच्या भोवती चार काठ्या रोवून त्यांवर जुने सुती लुगडे असे टाकले की त्याचे काठ चारही बाजूंनी जमिनीवर टेकले, आणि काठांवर विटा ठेवल्या. सकाळी पहिलीचे गोणपाट सोडले तेव्हा आतला शेंडा ओल्या चहापत्तीच्या रंगाचा झाला होता आणि बोटाने दाबताच पाणी सुटत होते. दुसरीचे लुगडे बाहेरून दवाने कडक झाले होते, परंतु आतली पाने हिरवी होती, कडेचे एकच पान कापडाला टेकलेल्या ठिकाणी करपले होते.

या एका गोष्टीतून झाकण्याचे सगळे नियम निघतात. कापड तंबूसारखे असावे आणि त्याचा घेर जमिनीला टेकलेला असावा. पानाला ते शक्यतो लागू नये, म्हणून आत काठ्या, तुराट्या किंवा कामट्यांच्या कमानी हव्यात. जुन्या सुती साड्या, चादरी, गोणपाट, धान्याची रिकामी बारदाने चालतात. शेतीच्या दुकानात पांढरे, हलके, विणकाम नसलेले क्रॉप कव्हर मिळते, ते घेतले तर कोवळ्या रोपांवर भारही पडत नाही आणि काही वर्षे टिकते. जड गोधडी रोपांवर थेट टाकू नये, दवाने ती आणखी जड होते आणि रोपे मोडतात. प्लॅस्टिकच्या पातळ कागदाविषयी मात्र स्पष्ट सांगतो: साध्या पॉलिथिनमधून जमिनीची उष्णता बऱ्याच प्रमाणात आरपार निघून जाते, आणि जेथे तो पानाला चिकटतो तेथे पान कागदाइतकेच थंड होते. आपल्या टोमॅटोचे तसेच झाले. प्लॅस्टिकच हाताशी असेल तर आधी कापड आणि त्यावर कमानींच्या आधाराने प्लॅस्टिक, या क्रमाने वापरावे. झाकण्याची वेळही महत्त्वाची आहे. आपण जेवणे झाल्यावर बाहेर पडतो, तोवर जमिनीची बरीच ऊब निघून गेलेली असते. सूर्य डोंगराआड गेला की लगेच झाकावे, आणि सकाळी ऊन चढून दव वितळले की काढावे. दुपारपर्यंत कापड तसेच राहिले तर रोपे आत उकडतात, शिवाय जमिनीला ऊन न मिळाल्यामुळे पुढच्या रात्रीची शिदोरी कमी पडते.

जमिनीत ही शिदोरी भरण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी हा आहे. कोरडी, भुसभुशीत माती वरवर तापते आणि लगेच निवते, कारण तिच्या कणांमध्ये हवा भरलेली असते. ओली माती अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती खालच्या थरातून वर पोचवते. म्हणून थंडीचा अंदाज आला की सकाळीच, फार तर दुपारी बारापर्यंत वाफ्यांना जमिनीतून पाणी द्यावे, वीतभर खोल ओल जाईल इतके. संध्याकाळी पानांवर झारीने पाणी शिंपडू नये, कारण ते वाळताना पानातलीच उष्णता घेते. खुरपणी आणि माती हलवण्याचे काम त्या दिवसांत थांबवावे.

आच्छादनाबाबत अनेकांचा, अगदी जाणत्या बागायतदारांचाही, गोंधळ होतो. पालापाचोळा किंवा गव्हाचे काड रोपांच्या बुंध्याभोवती पसरले की झाड उबदार राहते असा समज आहे. आच्छादनाखालची मुळे सुरक्षित राहतात हे खरे, परंतु तेच आच्छादन जमिनीची ऊब खालीच अडवते आणि वरच्या पानांपर्यंत ती येऊ देत नाही. उघड्या, ओल्या, दाबलेल्या मातीवरचे रोप कोरड्या काडाच्या थरावरच्या रोपापेक्षा अशा रात्री बरे राहते. वाफ्यावर कापडाचा तंबू घालणार असाल तर त्या दिवशी सकाळीच काड बाजूला सारून मातीला ऊन खाऊ द्यावे. वीतभरापेक्षा लहान रोपे असतील तर तेच काड संध्याकाळी रोपांवरून सैलसर पसरून ती पूर्ण झाकता येतात, सकाळी पुन्हा बाजूला करावे लागते एवढेच.

तंबूच्या आत पाण्याने भरलेले कॅन ठेवणे ही गोष्ट साधी आहे आणि तिचा उपयोग हिशेबात दाखवता येतो. पाच लिटरचे चार कॅन दिवसभर उन्हात ठेवले आणि आतील २० लिटर पाणी रात्रीत २० अंशांवरून ५ अंशांवर आले, तर त्यातून ३०० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सुमारे सहा तास जळला म्हणजे तेवढी उष्णता मिळते. काळे कॅन असतील तर उत्तम, नसतील तर तेलाचे रिकामे डबेही चालतात. बल्ब लावण्याचा मोह मात्र आवरावा. ओले गवत, जुनी वायर आणि वर सुती साडी हा घातक मेळ आहे, आणि आजकालचे एलईडी बल्ब फारशी उष्णता देतही नाहीत.

धुराबद्दलही आपण पुढे विचारले आहे. तासगाव आणि पलूसकडे द्राक्षबागांत थंडीच्या पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ठिबकचे पाणी सोडतात, हे खरे आहे. त्यात पाण्याचा उपयोग अधिक आहे, कारण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पहाटेच्या मातीपेक्षा स्पष्टपणे उबदार असते. शेकोटीचा उपयोग होतो तो तिच्या आगीच्या उष्णतेमुळे, आणि तोही एका मोठ्या होळीऐवजी अनेक लहान शेकोट्या असतील तरच. मोठी आग गरम हवेचा झोत उंच फेकते आणि बाजूने थंड हवा आत ओढून घेते. धुराचे कण मात्र इतके बारीक असतात की जमिनीची निघून जाणारी उष्णता ते फारसे अडवत नाहीत. घराच्या अंगणात ओला पाला जाळून धूर केल्याने रोपे वाचत नाहीत, घरातली म्हातारी माणसे खोकत बसतात. हे करू नये. तुषार सिंचनाने रोपांवर बर्फाचे कवच चढवण्याची परदेशी पद्धतही काहीजण घरी करून पाहतात. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडते, त्यावर ती पद्धत चालते, परंतु पाणी बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू राहावे लागते. मध्येच वीज गेली की तेच ओले पान बाष्पीभवनात प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी गमावू लागते, म्हणजे न शिंपडलेल्या पानापेक्षाही वाईट स्थितीत जाते. आपल्याकडच्या विजेच्या भरवशावर मी हा सल्ला कोणालाही देणार नाही.

अशी रात्र ओळखता आली तर अर्धे काम होते. उत्तरेतून एखादा पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली) पुढे सरकून गेला, मागे आकाश निरभ्र झाले, दिवसा कोरडा उत्तरेचा वारा वाहिला आणि संध्याकाळी तो एकदम पडला, की सावध व्हावे. सांजवेळी ओठ फुटण्याइतकी कोरडी हवा असेल तर धोका अधिक असतो. दमट हवेत आधी दव पडते, दव पडताना उष्णता सुटते आणि तापमानाची घसरण मंदावते. कोरड्या हवेत हा आधार मिळत नाही, आणि कित्येकदा पांढरे दव न दिसताच पाने काळी पडतात. माण-खटावच्या पठारावरचे शेतकरी पांढऱ्या दवापेक्षा अशा कोऱ्या थंडीला अधिक भितात, ते उगाच नाही. एक साधा तापमापक आणून वाफ्याच्या मध्यभागी, दोन विटांवर आडवा, उघड्या आकाशाखाली ठेवावा. रात्री नऊ-दहाला तो सहा अंशांखाली गेला आणि वारा नसेल, तर पहाटेपर्यंत शून्य गाठण्याची शक्यता धरून चालावे. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या आसपास असते, त्यामुळे पहाटे पाचला पाहून निश्चिंत होऊ नये.

सातारा किंवा सांगली शहरात राहणाऱ्यांना गोठलेले दव क्वचितच दिसेल. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. परंतु गच्चीवरच्या कुंड्यांना तेथेही फटका बसतो, कारण तुळस, केळ, अळू, मनीप्लँट ही उष्ण प्रदेशातील झाडे पाणी न गोठताही, दहा-बारा अंशांखाली सलग राहिल्यानेच काळवंडतात. कुंडीला जमिनीची शिदोरी नसते, माती सर्व बाजूंनी निवते. अशा रात्री कुंड्या कठड्यापासून उचलून जिन्याच्या खोलीलगत, छज्जाखाली एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर बहुतेक वेळा कापडाचीही गरज पडत नाही. वृंदावनातली तुळस हलवता येत नाही, तिच्यावर वेताची मोठी टोपली पालथी घालून वर सुती कापड टाकावे.

आता जे झाले त्याविषयी. गोठलेल्या पानावर गरम पाणी टाकू नये, हाताने बर्फ झाडू नये. गोठताना पहिला बर्फ पेशींच्या मधल्या जागेत होतो आणि तो पेशीतले पाणी बाहेर ओढतो. वितळणे सावकाश झाले तर काही पेशी ते पाणी परत घेतात. म्हणून पूर्वेचे पहिले ऊन अशा रोपांवर थेट पडू नये यासाठी तासभर आडोसा करावा. आपला तो दिवस निघून गेला आहे, परंतु थंडी आणखी एकदा परतू शकते, तेव्हा हे लक्षात ठेवा.

टोमॅटो आणि घेवड्याची रोपे बुंध्यापर्यंत लुळी झाली असतील तर ती उठणार नाहीत, काढून टाका आणि फेब्रुवारी संपल्यावर नवीन लावा. त्याच वाफ्यातली मेथी, कोबी, लसूण, गाजर यांना काही झाले नसेल, तसे ते होतही नाही. स्ट्रॉबेरीचे झाड वाचते, तिची उमललेली फुले वाचत नाहीत. फुलाच्या मधोमध पिवळ्याऐवजी काळा ठिपका दिसतो का ते पाहा. तशा फुलाला फळ धरत नाही किंवा वेडेवाकडे धरते. ती फुले खुडावीत, पाने ठेवावीत, मागच्या कळ्यांना आठ-दहा दिवसांत फुले येतील. तुळस आणि जास्वंद यांची काळी पाने कितीही खुपली तरी आत्ता छाटू नका. मेलेली पानेही पुढच्या थंड रात्री खालच्या डोळ्यांवर छत धरतात, आणि आत्ता छाटले तर नवे कोवळे फुटवे येऊन तेच पहिले बळी पडतात. युरिया किंवा शेणस्लरी याच कारणासाठी थांबवा. पाडव्याच्या सुमारास फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहा: आत हिरवे असेल तेथपर्यंत फांदी ठेवा, तपकिरी असेल ती कापा.

पपईला मात्र हे थांबणे लागू नाही. तिचे खोड पोकळ आणि पाणीदार असते, कुजका भाग वरून खाली सरकत जातो आणि पंधरवड्यात बुंधा गाठतो. शेंडा दाबून पाहा. मऊ लागत असेल तर कोरड्या दिवशी, धारदार कोयत्याने, घट्ट पांढरे खोड लागेपर्यंत तिरका काप द्या, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि पोकळीत पाणी साचू नये म्हणून वर मातीचे मडके पालथे घाला. खालून फुटवे आले तर त्यातला एकच, सर्वांत जोमदार, ठेवा.